तुझ्या आराखड्यात खोली नाही

चि. लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा संशोधनाचा आराखडा मिळाला. विद्यापीठाने तो मंजूर केला हे वाचून ऊर भरून आला. शहरातली उष्णता, बदलतं हवामान आणि माणसांचं आरोग्य हे तीन धागे एकत्र धरायचं तू ठरवलंस, ते मला मनापासून पटलं आहे. पण आराखडा वाचताना काही गोष्टी टोचत राहिल्या. फोनवर त्या तुकड्या-तुकड्याने सांगण्यापेक्षा लिहिलेलं बरं, म्हणून हे पत्र.

तू लिहिलं आहेस, की उपग्रहाच्या नकाशांवरून शहरातले तापलेले भाग शोधायचे आणि त्या त्या भागातल्या मृत्यूंच्या आकड्यांशी ते ताडून पाहायचे. मृत्यूंचे आकडे ज्या कागदांवरून उतरतात, ते कागद माझ्या हाताखालून गेले आहेत. रुग्णालयाच्या नोंदणी विभागात माझी सगळी नोकरी झाली, तेव्हा निदान त्या बाजूचं तरी मी अधिकाराने सांगू शकते.

मृत्यूच्या वैद्यकीय प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, हे तुला ठाऊक असेलच. पहिल्या भागात वरच्या ओळीवर मृत्यूचं थेट कारण, त्याखाली ते ज्याच्यामुळे ओढवलं ते, आणि सगळ्यात खाली मूळ कारण. दुसऱ्या भागात मृत्यूला हातभार लावणारे इतर आजार. हा नमुना जागतिक आरोग्य संघटनेचा, त्यामुळे बहुतेक देशांत थोड्याफार फरकाने तोच चालतो. आता त्यात उन्हाळ्यातला एक मृत्यू भरून बघ. सत्तरी ओलांडलेला माणूस, जुना मधुमेह, रक्तदाबाची गोळी चालू. वरच्या मजल्यावरची खोली, लागोपाठ काही रात्री न निवलेली. अंग थंड ठेवायला शरीर रक्त त्वचेकडे वळवतं, म्हणून हृदयाला जास्त काम पडतं. घामावाटे पाणी जातं, रक्त दाट होतं, मूत्रपिंडांवर ताण येतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे आणखी पाणी काढतात. झोप तर लागलेलीच नसते. पहाटे केव्हातरी माणूस जातो. प्रमाणपत्रावर येतं हृदयविकाराचा झटका, खाली मधुमेह, उच्च रक्तदाब. यातलं एकही अक्षर खोटं नाही. डॉक्टरांनी जे पाहिलं ते लिहिलं. त्यांनी खोली पाहिलेली नसते.

रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत नैसर्गिक अतिउष्णतेसाठी 'एक्स ३०' असा स्वतंत्र संकेतांक आहे. आमच्याकडच्या नोंदींत तो फार क्वचित यायचा, आणि आला तर उघड्यावर काम करताना कोसळलेल्या माणसासाठी. घरात गेलेल्या म्हाताऱ्यासाठी तो लिहिलेला मला आठवत नाही. म्हणून 'उष्माघाताचे मृत्यू' असा रकाना मागून घेऊन तू त्यावर गणित मांडू लागलीस, तर पायाच कच्चा राहील.

तुमच्या क्षेत्रातल्या लोकांनी यावर वाट काढलेली आहे, हे मला नंतर वाचनातून कळलं. कारणाच्या मागे न लागता त्या दिवसांत एरवीपेक्षा किती माणसं जास्त गेली ते मोजायचं. मे २०१० मध्ये अहमदाबादला पारा ४६.८ अंशांपर्यंत गेला. त्या महिन्यात आधीच्या वर्षांच्या तुलनेत १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचं पुढे संशोधकांनी दाखवलं. हा आकडा एकाही प्रमाणपत्रावर नव्हता. सगळे कागद एकत्र ठेवून, तारखा लावून पाहिल्यावर तो दिसला. त्यावर काम उभं राहिलं आणि २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याचा कृती आराखडा लागू केला. दक्षिण आशियातला तो पहिला.

पण त्याच उन्हाळ्यातली दुसरी एक गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते, आणि तुला ती सविस्तर सांगायची आहे. अहमदाबादच्याच एका सार्वजनिक रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात उष्णतेमुळे आजारी पडलेली बाळं दाखल होत होती. बाहेर जन्मून आलेली नव्हेत, त्याच इमारतीत जन्मलेली. डॉक्टरांनी दाखल होण्याच्या नोंदी काढल्या, त्या दिवसाच्या तापमानाशी लावल्या. पारा ४२ अंशांच्या वर गेला, की अशा बाळांची संख्या वाढते हे दिसलं. आणि बाळंतिणींचा कक्ष कुठे होता? सगळ्यात वरच्या मजल्यावर, थेट छताखाली. तो खालच्या मजल्यावर हलवला, तेव्हा उष्णतेमुळे दाखल होणाऱ्या बाळांचं प्रमाण घटलं. हे संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. ना नवं यंत्र, ना नवं औषध. नोंदवही, तापमानाचा तक्ता आणि 'ही बाळं नेमकी कुठे ठेवली होती' एवढा एक प्रश्न. तो प्रश्न तुझ्या आराखड्यात मी शोधला आणि मला सापडला नाही. तुझ्याकडे शहर आहे, वॉर्ड आहेत, नकाशाचे चौकोन आहेत. खोली नाही.

उपग्रहाबद्दल मी सांगावं असं काही नाही, ते तुझंच शिक्षण. तरी वाचून जे समजलं ते तपासून बघ. उपग्रह मोजतो ते पृष्ठभागाचं तापमान; छप्पर, डांबर, झाडांचे शेंडे यांचं. माणूस ज्या हवेत श्वास घेतो तिचं नव्हे. लँडसॅट मालिकेतला उपग्रह जातो सकाळी दहाच्या आसपास, आणि त्यातला प्रत्येक उपग्रह एका जागेवरून सोळा दिवसांनी एकदा. शहराची उष्णता मात्र रात्री जाच करते. ढगांना नावं देणारा ल्यूक हॉवर्ड दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये नोंदी ठेवत होता. शहरातली रात्र भोवतालच्या गावांपेक्षा सरासरी ३.७ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २ अंश सेल्सिअसने उबदार असते, आणि दिवस किंचित थंडच, असं त्याला तेव्हाच दिसलं होतं. सिमेंट आणि विटा दिवसभर ऊन पितात आणि अंधार पडल्यावर सोडू लागतात. दाटीवाटीच्या गल्ल्यांत ती उष्णता आकाशाकडे निसटू शकत नाही. मग सकाळी दहाच्या चित्रावरून रात्रीच्या मृत्यूबद्दल काय म्हणता येईल, हे तूच ठरव.

पत्र्याचं तर आणखी विचित्र आहे. न रंगवलेला, चकचकीत पत्रा उष्णता-किरण कमी सोडतो, त्यामुळे त्याचं तापमान नीट दुरुस्त करून घेतलं नाही तर उपग्रहाला तो आहे त्यापेक्षा थंड दिसतो. म्हणजे ज्या छताखाली माणसं सगळ्यात जास्त भाजतात, तेच नकाशावर निळसर दिसण्याची भीती. गरीब वस्ती थंड आणि मोकळं मैदान गरम, असा निष्कर्ष उद्या तुझ्या नावावर छापला जाऊ नये, एवढंच मला वाटतं.

वेधशाळेचा तापमापकही तुला पुरायचा नाही. तो हिरवळीवर, मोकळ्या जागी, सावलीच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर ठेवलेला असतो. तसाच ठेवायला हवा, नाहीतर एका गावाची तुलना दुसऱ्याशी करता येणार नाही. पण तशा जागी कोणी झोपत नाही. म्हणून माझं म्हणणं आहे, की आराखड्यात निदान काही घरं घे. आपोआप नोंद ठेवणारे छोटे तापमापक आता मिळतात, बटणाएवढे. ते झोपायच्या खोलीत ठेव, आर्द्रता मोजणारे असतील तर उत्तमच. छत कशाचं, मजला कितवा, खिडकी कुठे उघडते आणि ती रात्री उघडी ठेवता येते की चोरांच्या नाहीतर डासांच्या भीतीने बंद करावी लागते, पाणी किती वाजता येतं, घरात दिवसा कोण एकटं असतं, हे विचारून ठेव. घरं थोडी झाली तरी चालतील. तुझ्या मोठ्या आकड्यांना त्यांच्यामुळे अर्थ येईल.

शिकागोचं उदाहरण तुला वर्गात शिकवलं असेल. जुलै १९९५ मधली उष्णतेची लाट. शिकागो ज्या कुक काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात येतं, तिथले वैद्यकीय परीक्षक, म्हणजे संशयास्पद मृत्यूंचं कारण ठरवणारे अधिकारी, एडमंड डोनोह्यू यांनी ठरवलं, की शरीराचं तापमान १०५ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त आढळलं, किंवा खिडक्या बंद असलेल्या तापलेल्या खोलीत मृतदेह मिळाला, तर तो मृत्यू उष्णतेशी संबंधित धरायचा. म्हणजे त्यांनी खोलीला कागदावर जागा दिली. आकडा फुगत गेला तसा शहराच्या महापौरांनी त्यावर जाहीर शंका घेतली. पुढे जास्तीच्या मृत्यूंचा हिशेब झाला तो ७३९ वर गेला, डोनोह्यूंच्या आकड्यापेक्षाही जास्त. आणि एरिक क्लाइननबर्ग या समाजशास्त्रज्ञाने शेजारशेजारच्या दोन वस्त्या तपासल्या. दोन्हीकडे गरिबी होती, दोन्हीकडे एकटे राहणारे वृद्ध होते. एकीत मृत्यूचं प्रमाण लाखामागे ४०, दुसरीत ४. एका वस्तीतले रस्ते ओस पडले होते, दुकानं बंद झाली होती, म्हातारी माणसं भीतीने दार उघडत नव्हती. दुसरीकडे रस्त्यावर वर्दळ होती, त्यामुळे माणसं बाहेर पडत, कोणाला तरी दिसत. दोन्ही वस्त्यांवर ऊन एकच होतं. तुझ्या चौकोनी नकाशात दोन्ही एकाच रंगाच्या आल्या असत्या.

हवामानबदलाचा भाग तू शेवटच्या प्रकरणासाठी ठेवला आहेस, ते ठीक. २०२१ मध्ये एक मोठा अभ्यास आला होता: ४३ देशांतली ७३२ ठिकाणं, १९९१ ते २०१८ चा काळ. प्रत्यक्षातलं तापमान आणि माणसाने हवा तापवली नसती तर जे राहिलं असतं ते, असं दोन्ही धरून मृत्यूंचं गणित केलं. उन्हाळ्यात उष्णतेमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ३७ टक्के माणसाने घडवलेल्या हवामानबदलाच्या वाट्याला आले. आकडा धक्का देणारा आहे. मला मात्र वाटत राहिलं ते नकाशाच्या कोऱ्या भागांबद्दल. आफ्रिकेचा आणि दक्षिण आशियाचा मोठा भाग त्यात नाही, कारण तिथून रोजच्या मृत्यूंच्या नोंदी मिळाल्या नाहीत. जिथे नोंद नीट होत नाही, तिथला माणूस या गणितात मेलेलाच नसतो. म्हणून जिथे जाशील तिथल्या नोंदणी कारकुनाशी आधी ओळख करून घे. कोणत्या डॉक्टरांचं अक्षर लागत नाही, कोणत्या महिन्यात नोंदी तुंबतात, पत्ता गावचा लिहितात की राहत्या घराचा, हे त्याच्याकडेच कळतं. पत्त्याची ही गोष्ट बारीक वाटेल, पण मुलाकडे येऊन गेलेल्या आईचा पत्ता पुष्कळदा गावचाच लागतो, आणि तुझ्या नकाशात ती भलत्याच जागी पडते.

एक शेवटचं, जरा कठोर वाटेल असं. तुझे निष्कर्ष कोणाला तरी अडचणीचे ठरतील. हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या सहा शहरांतल्या आठ हजारांवर माणसांचा चौदा ते सोळा वर्षं माग ठेवला आणि १९९३ मध्ये दाखवलं, की सर्वांत प्रदूषित हवेच्या शहरात मृत्यूचा धोका सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्के जास्त आहे. सूक्ष्म धूलिकणांवर मर्यादा आणायची वेळ आली, तेव्हा उद्योगांनी या अभ्यासावर झोड उठवली, मूळ आकडे दाखवा म्हणून. अखेर आकडे एका स्वतंत्र संस्थेकडे दिले गेले, तिने सगळं नव्याने मोजलं आणि २००० मध्ये निष्कर्ष कायम राहिला. तो टिकला, कारण वह्या नीट होत्या. लोकांची नावं मात्र उघड झाली नाहीत. तुझंही तसंच असू दे. ज्यांच्या खोल्यांत तू तापमापक ठेवशील, त्यांची नावं वेगळ्या कुलपात, आणि आकडे असे की तुझ्या विरोधकाने मोजले तरी तेच निघावेत. आणि उन्हाळा संपल्यावर त्या घरांत परत जाऊन त्यांच्या खोलीत काय आढळलं ते त्यांना सांग. लोक आकडे देतात आणि नंतर कोणी फिरकत नाही, हा अनुभव त्यांना पुरेसा आहे.

भर दुपारी फिरणार असशील तर एकटी जाऊ नकोस. पाणी जवळ ठेव, डोकं दुखू लागलं की काम थांबव. एखादं घर राहिलं तर दुसऱ्या दिवशी होईल.

प्रश्नावली पक्की व्हायच्या आधी मला पाठव. मृत्यूच्या नोंदींचा भाग मी बारकाईने बघून देते. आणि त्यात 'गेल्या उन्हाळ्यात घरात कोणी वारलं का' असा प्रश्न सुरुवातीलाच घातला असशील तर तो बराच खाली ने. आधी खिडकीबद्दल, झोपेबद्दल विचार. माणसं बोलायला लागली, की ते आपणहून सांगतात.

तुझी,
आई