छतावरचा प्रोजेक्टर, आणि बाबांनी स्टुलावर न चढणे

पुणे

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

काल आई बोलता बोलता सांगून गेली की चित्र अंधुक दिसतं म्हणून बाबा स्टुलावर चढले होते. बाबा, मला रात्री झोप लागली नाही. मानेला पट्टा, त्यात बीपी, आणि वर मान करून उभं राहायचं! पोळ्याच्या वेळचं एवढ्यात विसरलात?

मी निघाले तेव्हा लाइट नव्हती, म्हणून चित्र लावायचं राहिलं. दिवाळीला सुट्टी मिळत नाही, संक्रांतीला नक्की येते. पण प्रोजेक्टर खाली टेबलावर घ्यायचं तुम्ही म्हणता, ते नको. आई रात्री दिवा न लावता उठते, वायर पायात आली तर? शिवाय मधून कुणी गेलं की पडद्यावर सावली. तो छतालाच राहू द्या, बोल्ट स्लॅबमध्ये पक्के बसलेत. टीव्ही काकूकडे गेला याचं वाईट वाटत असेल, कळतं मला. पण 2018 च्या जानेवारीत इंदूरला विदर्भाने दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी जिंकली, ती मॅच तुम्ही टीव्हीला नाक लावून पाहिलीत. स्कोअर आईला विचारत होतात. आता खुर्चीत मागे टेकून बघा.

लहानपणी तुम्ही कवेलूंवर चढून अँटेना फिरवायचे आणि मी अंगणातून ओरडायची, "आलं! गेलं! आलं!" आता वर शेजारच्या पोट्ट्याला चढवा, खालून तुम्ही ओरडा.

त्याला आधी सांगा, यंत्र उलटं टांगलंय ते बरोबर आहे, सुलटं करू नको. मेनूत सीलिंग निवडलं की चित्र सरळ येतं. मग कीस्टोन शून्यावर आणायला लावा. वाकडं चित्र कीस्टोनने सरळ दिसतं खरं, पण यंत्र आतल्या आत चित्र दाबून बसवतं आणि अक्षरं फुटतात. यंत्रच सरळ करायचं. ब्रॅकेटचे स्क्रू किंचित सैल करून वर लेव्हल पट्टी ठेवायची. पडदा 100 इंची, म्हणजे चित्र 221 सेंटिमीटर रुंद आणि 125 सेंटिमीटर उंच. डावी-उजवी उंची टेपने मोजा. जी बाजू उंच भरेल तिकडे तोंड जास्त वळलेलं असतं, ते केसभर उलट्या बाजूला फिरवायचं. खालची कड वरच्यापेक्षा रुंद असेल तर तोंड खाली झुकलंय, थोडं उचलायचं. दोन्हीकडे सारखं भरलं की स्क्रू घट्ट.

फोकसची घाई करू नका. अर्धा तास चालू द्या. भिंग तापलं की फोकस थोडा सरकतो. मॅच लावा आणि स्कोअरची पट्टी बघा. रिंग हळूहळू फिरवत अक्षरं स्पष्ट झाली की जरा पुढे न्यायची, पुन्हा मागे आणायची, जिथे सगळ्यात रेखीव दिसेल तिथे थांबायचं. नंतर चारही कोपरे बघा. मधलं स्पष्ट आणि एकच कोपरा पुसट असेल तर यंत्र अजून तिरकं आहे, पुन्हा टेप घ्या. दिवा चालू असताना भिंगात कुणी डोकावू नका, आई तर मुळीच नाही, आत्ताच डोळ्याचं ऑपरेशन झालंय.

आई, तुझी खुर्ची पडद्यापासून दहा फुटांवर ठेव, पाय ठेवायला पाट घे. कूलर यंत्राच्या दिशेने फिरवू नकोस, ओली हवा नको. मधल्या खोलीत कापूस भरला की त्याचे तंतू जाळीत अडकतात आणि यंत्र तापतं, म्हणून महिन्यातून एकदा त्याच पोट्ट्याकडून जाळी मऊ ब्रशने झाडून घे. भिंग पदराने पुसायचं नाही हं माय, डब्यात चष्म्याचं कापड आहे. रिमोटने बंद केलं की आतला पंखा थांबेपर्यंत भिंतीवरचं बटण दाबू नका.

सगळं झालं की पोट्ट्याला चहा-चिवडा द्या आणि चारही कोपऱ्यांचे फोटो माझ्या फोनवर पाठवायला सांगा. बाबा, गोळी सकाळीच, जेवणानंतर विसरता तुम्ही.

तुमची,
बेबी