व्यवहारी गणिताच्या वर्गाविषयी मित्रास पत्र

लालबाग, मुंबई
दि. २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. दहावीला ‘बेसिक’ गणित घेतलेल्या मुलांची तुकडी यंदा तुझ्या गळ्यात पडली आणि तुमच्या शिक्षकखोलीत त्याबद्दल तुझे सांत्वन केले गेले, हे वाचून हसूही आले आणि थोडा रागही आला. रात्रशाळेत इतकी वर्षे अशाच मुलांना शिकवत असल्यामुळे तू मला विचारावेस हे साहजिक आहे. परंतु ‘सगळे सोपे करून शिकवावे लागेल’ हे जे वाक्य तू लिहिले आहेस, तिथेच माझे तुझ्याशी मुळात पटत नाही, आणि हे लांबलेले पत्र त्या एका वाक्यासाठीच आहे.

तुमच्या केंद्रीय मंडळाने (सीबीएसईने) २०२० च्या परीक्षेपासून ‘स्टँडर्ड’ आणि तिच्याहून सोपी ‘बेसिक’ अशा दोन प्रश्नपत्रिका आणल्या खऱ्या, पण अभ्यासक्रम एकच ठेवला. आमच्या राज्य मंडळाने ‘सामान्य गणित’ हा पर्यायच काढून टाकला, त्यामुळे माझ्या वर्गातील कुरिअर पोहोचवणारा मुलगा आणि दिवसाच्या शाळेतील अभियांत्रिकीची स्वप्ने पाहणारा मुलगा एकच पेपर सोडवतात. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातही नववीच्या गणिताचे ‘अकॅडमिक’ आणि ‘अप्लाइड’ असे दोन प्रवाह होते, ते २०२१ मध्ये एकत्र करण्यात आले. प्रवाह दोन असावेत की एक, या वादात मला आत्ता शिरायचे नाही, कारण मुले समोर बसलेली आहेत आणि त्यांना शिकवायचे आहे. व्यवहारातील गणित हे पुस्तकी गणिताची पातळ आवृत्ती असते, ही समजूत मात्र दोन्ही व्यवस्थांमध्ये मुलांचे सारखेच नुकसान करते.

माझ्या वर्गात फर्निचरच्या कारखान्यात हाताखाली काम करणारा एक मुलगा आहे. पाच इंच तीन सूत आणि दोन इंच सात सूत यांची बेरीज त्याला तोंडी विचारली की टेप न उघडता तो ‘आठ इंच दोन सूत’ असे सांगतो. हीच बेरीज फळ्यावर अपूर्णांकांत मांडली की तो अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून तीन अष्टमांश अधिक सात अष्टमांश म्हणजे दहा सोळांश असे बिनदिक्कत लिहून मोकळा होतो. एका इंचाचे आठ सूत होतात हे त्याला पक्के ठाऊक आहे. पण छेदातला आठ म्हणजेच ते सूत, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. म्हणून मी फळ्यावर प्रथम ‘३ सूत + ७ सूत = १० सूत’ असे लिहितो, त्याखाली ‘३ आठवे भाग + ७ आठवे भाग = १० आठवे भाग’ असे लिहितो, आणि त्यानंतरच आडवी रेघ मारून अंश व छेद दाखवतो. मग पाव इंच आणि तीन सूत यांची बेरीज विचारली की पाव इंचाचे दोन सूत करायला हवेत हे मुले आपणहून सांगतात. समान छेद करणे म्हणजे याहून वेगळे काही नाही. पूर्वी आपल्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा यांचे पाढे, घोकून घेतल्या जात. दशमान पद्धती आल्यावर त्या गेल्या, आणि गेल्या त्याबद्दल मला फारशी हळहळ नाही, परंतु अपूर्णांक तोंडात खेळवण्याची जी सवय त्यांनी लावली होती तिची जागा भरून काढणारे काही आपण आणले नाही, ही गोष्ट मात्र खरी आहे.

हे केवळ माझ्या वर्गापुरते नाही. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तुला आठवत असेल. धंद्यातील हिशेब ती मुले ९८ टक्के अचूक करत होती, तेच हिशेब शाब्दिक उदाहरणांच्या रूपात दिल्यावर प्रमाण ७४ टक्क्यांवर आले, आणि नुसत्या आकड्यांची मांडणी समोर ठेवल्यावर ३७ टक्क्यांवर. आपल्याकडे दिल्ली आणि कोलकाता येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला आहे. त्यातील अधिक महत्त्वाचा भाग मला असा वाटतो की, अडचण दोन्ही बाजूंनी दिसली: बाजारातील मुलांना शाळेची लेखी गणिते जमेनात, आणि शाळेत गणित करणाऱ्या मुलांना बाजाराचे हिशेब जमेनात. यावरून मी माझ्यापुरता असा निष्कर्ष काढला आहे की, एकीकडचे ज्ञान आपोआप दुसरीकडे जात नाही. ते हाताला धरून न्यावे लागते, आणि आपला पगार त्याच कामाचा आहे.

आता ‘सोपे’ या मुद्द्याकडे येतो. पंधरा फूट लांब आणि अकरा फूट रुंद खोलीला दोन फूट बाजूच्या चौरस लाद्या किती लागतील, असे उदाहरण पुस्तकात येते. १६५ भागिले ४ केले की ४१.२५ हे उत्तर मिळते आणि गुण मिळतात. पण पाव लादी दुकानात मिळत नाही. दोन्ही बाजूंना अर्ध्या लादीची पट्टी उरते. कापलेल्या लादीचा दुसरा अर्धा भाग वापरता येईल की तो टवका उडून वाया जाईल, हे ठरवावे लागते. तुटफुटीसाठी साधारण दहा टक्के जास्त धरावे लागतात, म्हणजे ४६ लाद्या, आणि खोक्यात चार लाद्या येत असतील तर बारा खोकी घ्यावी लागतात. हे गणित भागाकारापेक्षा कठीण आहे, कारण इथे प्रत्येक पायरीवर निर्णय आहे आणि त्या निर्णयाचे कारण द्यावे लागते. मी त्या कारणालाच गुण देतो. एखाद्याने ११ खोकी सांगितली आणि कापलेले तुकडे कुठे बसवायचे ते आकृती काढून दाखवले, तर त्याचेही उत्तर बरोबर धरतो.

उत्तर किती अंकांपर्यंत नेमके हवे, हाही असाच निर्णय आहे. एक सूत म्हणजे ३.१७५ मिलिमीटर, कारखान्यात सर्रास तीन धरतात आणि त्यात काही बिघडत नाही. मात्र आठ फुटी प्लायवूडची संपूर्ण लांबी याच हिशेबाने मिलिमीटरमध्ये काढली तर ७६८ सुतांत मिळून १३४ मिलिमीटर, म्हणजे पाच इंचांहून अधिक फरक पडतो. हे कळल्यावर वर्ग जो शांत होतो, तो माझ्या रागावण्याने कधीच होत नाही.

शेकडेवारीला तू भरपूर वेळ दे, अगदी बीजगणिताचे काही तास कमी करावे लागले तरी. आमच्याकडे लोकलचे उदाहरण फार उपयोगी पडते: बारा डब्यांची गाडी पंधरा डब्यांची केली की वाढ पंचवीस टक्के, आणि त्याच गाडीचे पुन्हा बारा डबे केले की घट वीस टक्के. डबे तेच तीन, मग टक्के वेगळे का, यावर मुले तावातावाने भांडतात आणि त्या भांडणातून ‘कशाच्या टक्के?’ हा प्रश्न त्यांच्या अंगवळणी पडतो. तो पडला की जीएसटी अर्धा शिकवून झाल्यासारखाच असतो. करासह ११८० रुपयांचे बिल असेल आणि दर १८ टक्के असेल, तर मूळ किंमत काढताना बहुतेक मुले ११८० मधूनच १८ टक्के वजा करतात आणि ९६७ रुपये ६० पैसे सांगतात. मूळ किंमत तर १००० आहे. इथे सूत्र सांगू नकोस. त्यांचे उत्तर घेऊन त्यावर पुन्हा १८ टक्के कर लावायला सांग, ११८० येत नाहीत हे त्यांनाच दिसू दे. जाता जाता एक गोष्ट सांगतो: २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तूंसाठी १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले, पण आमच्या दहावीच्या पुस्तकातील उदाहरणांत ते तसेच राहिले. हा घोळ मुलांनीच दुकानाच्या बिलावरून शोधून काढला, आणि पुस्तकाचीही चूक काढता येते या आनंदात त्यांनी त्या प्रकरणातील सगळी उदाहरणे नव्या दराने करून आणली.

कर्जाचा भाग मी कधीच वगळत नाही, कारण माझ्या वर्गातील निम्म्याअधिक मुलांचे मोबाइल हप्त्यांवर घेतलेले असतात. बारा हजारांचा फोन, वर्षाला ‘फक्त बारा टक्के’ सरळव्याज, म्हणजे १४४० रुपये व्याज आणि ११२० रुपयांचा मासिक हप्ता. दर बारा टक्केच पडला का, असे विचारल्यावर सगळा वर्ग होकार देतो. मग मी वहीत बारा ओळींचा तक्ता करायला सांगतो. दरमहा मुद्दलातील हजार रुपये फिटतात असे धरले, तर कर्जाच्या रकमेपैकी आपल्याकडे पहिल्या महिन्यात बारा हजार असतात, दुसऱ्यात अकरा, आणि शेवटच्या महिन्यात फक्त एक हजार; सरासरी काढली तर वर्षभर आपल्याकडे ६५०० रुपयेच होते, आणि व्याज दिले १४४०. म्हणजे दर सुमारे बावीस टक्के. घटत्या शिलकीचे नेमके सूत्र लावले तर तो साडेएकवीसच्या आसपास येतो, पण त्या सूत्राची इथे गरजच नाही. सरासरी, सरळव्याज आणि अंकगणिती श्रेढीची बेरीज एवढ्या तीन गोष्टींवर हे उदाहरण उभे राहते, आणि तिन्ही शालेय अभ्यासक्रमातल्याच आहेत.

कॅल्क्युलेटरविषयी तू विचारले आहेस. परीक्षेत तो चालत नाही, पण वर्गात मी मोबाइल काढू देतो, मात्र एका अटीवर: आधी समासात अंदाज लिहायचा. ४९ गुणिले २१ सुमारे हजार, असे लिहिल्याशिवाय फोनला हात लावायचा नाही. थकून आलेल्या मुलांची आकडेमोड चुकणारच. दशांश चिन्ह सरकले आहे हे त्यांच्या लक्षात येणे मला जास्त मोलाचे वाटते.

प्रत्येक धडा व्यवहाराला जोडण्याचा हट्टही धरू नकोस. वडील आणि मुलाच्या वयांची उदाहरणे कोणत्याच घरात कोणी सोडवत नाही, आणि वर्गसमीकरणाला बाजाराचा अंगरखा घातला की ते अधिकच परके दिसते. तिथे मी सरळ सांगतो की हे कोडे आहे, याची गंमत कोड्याचीच आहे आणि शिवाय याला गुण आहेत. मुलांना खरे सांगितलेले चालते. खोटा फळवाला त्यांना लगेच ओळखू येतो, कारण खरा त्यांच्या शेजारी राहतो.

परीक्षेच्या मांडणीकडे मात्र दुर्लक्ष करून चालणार नाही. तोंडी येणारे उत्तर कागदावर पायऱ्यांनी उतरवता आले नाही तर ही मुले नापास होतात, आणि त्यांच्याबद्दलचे लोकांचे मत अधिकच घट्ट होते. त्यामुळे दर आठवड्याला एक तास मी फक्त लेखनासाठी ठेवतो: उत्तर आधीच सर्वांना माहीत असते, ते अनोळखी परीक्षकाला पटेल असे लिहायचे असते.

पुढच्या महिन्यात मी विजेच्या बिलाचा पाठ घेणार आहे. शंभर युनिट ओलांडले की सगळेच युनिट महाग होतात, अशी मुलांची आणि त्यांच्या घरच्यांचीही ठाम समजूत आहे. वाढीव दर फक्त शंभराच्या पुढच्या युनिटांना लागतो, हे त्यांना बिलावरूनच पडताळून पाहायचे आहे. आमच्या भागात सगळी बिले बेस्टची. तुझ्याकडे नाशिकला महावितरण आहे, तर तुझ्या मुलांना नाव, पत्ता आणि ग्राहक क्रमांक झाकून पाचसहा बिलांच्या प्रती आणायला सांग आणि मला पाठव. एक शंभराच्या आतले आणि निदान एक तीनशेच्या पुढचे असू दे. मी बेस्टची पाठवतो. दोन्हीकडच्या मुलांनी एकमेकांची बिले तपासावीत असा माझा विचार आहे. वहिनींना नमस्कार, आणि चिरंजीवांना आशीर्वाद.

तुझा,
मोहन