रेडिओ गेला नाही, काटा सरकला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

13 फेब्रुवारीच्या रेडिओ दिनाला आठवणींचे लेख येतात आणि बहुतेकांचा सूर ‘गेला तो रेडिओ’ असाच असतो. दुरुस्तीच्या टेबलावरून चित्र जरा वेगळे दिसते. ‘स्टेशन बंद झालं’ म्हणून येणाऱ्या संचांत अनेकदा स्टेशन चालू असते, संच मुका झालेला असतो, नाहीतर माणूस जुन्याच जागी काटा फिरवत बसलेला असतो.

आकाशवाणी नागपूर 16 जुलै 1948 ला सुरू झाले. मध्यम लहरींवर (मीडियम वेव्ह) त्याची जागा 585 किलोहर्ट्झ. जुन्या डायलवर (तिथे किलोहर्ट्झचे शेवटचे शून्य गाळलेले असते) 54 आणि 60 यांच्या मध्ये, 60 च्या जरा अलीकडे. दुसऱ्या टोकाला, 160 च्या जवळ, 1566 वर राष्ट्रीय वाहिनी रात्रभर लागे. ती 2019 च्या सुरुवातीला थांबली. 1 नोव्हेंबर 1967 ला मुंबई-पुण्याबरोबर नागपूरच्या विविध भारतीवर जाहिराती आल्या. पुढे जिल्ह्यांची एफएम केंद्रे आली: अकोला 102.4, यवतमाळ 102.7, चंद्रपूर 103 मेगाहर्ट्झ. फर्माईश पोस्टकार्डावरून फोनवर गेली, फोनवरून व्हॉट्सॲपवर. हे बदल कानाला कळतात. लहरींचा बदल मात्र कोणी समजावून सांगितला नाही.

मध्यम लहर जमिनीला धरून लांब जाते. एफएम साधारण नजरेच्या रेषेत चालते, त्यामुळे मेळघाटात डोंगराआडच्या गावाला जवळचे केंद्रही लागेलच असे नाही. सपाटीवर संचाची दांडी पाऊण मीटर ताणली की काम भागते. मोबाइलला मात्र वायरचा इअरफोन लागतो, कारण ती वायरच त्याचा एरिअल असते. ब्लूटूथवाल्याला एफएम का लागत नाही, त्याचे कारण हे.

आता जुन्या संचाबद्दल. 160 कडची स्टेशने लागतात, पण 585 वर नुसती खरखर येते, असे असेल तर आधी गँग, म्हणजे काट्याबरोबर फिरणाऱ्या पत्र्यांचा कंडेन्सर, उघडून बघावी. त्या टोकाला पत्रे पूर्ण आत गेलेले असतात. एखादा वाकला किंवा मध्ये कचरा बसला की एकमेकांना टेकतात. ब्रशने झाडावे, पातळ कागद फिरवावा, वाकलेला पत्रा हळूच सरळ करावा. तेल घालू नये. धूळ चिकटून आणखी घाण होते. तरी आवाज मंदच असेल तर फेराइट दांडी, म्हणजे संचाच्या आतला मध्यम लहरींचा एरिअल, पाहावी. तिच्यावरची कॉइल मेणाने चिकटवलेली असते. आपल्याकडच्या मे महिन्यात संच बांधावर उन्हात राहिला की मेण मऊ होते, कॉइल सरकते आणि नागपूर पुसट होते. संच चालू ठेवून 585 वर कॉइल मागेपुढे करावी, आवाज सर्वात भरेल तिथे मेण लावावे. ट्रिमर (गँगजवळचा जुळवणीचा बारीक स्क्रू) त्यानंतर आणि वरच्या, म्हणजे 160 च्या टोकाला. पुष्कळ जण आधी ट्रिमरच फिरवतात आणि दोन्ही टोके घालवून बसतात.

ठराविक अंतराने टक्-टक् येत असेल तर दोष संचात नसतो. शेजारच्या शेतात रोही (नीलगाय) आणि डुकरांसाठी लावलेले, कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारे झटका मशीन असते. तारेला गवत टेकले की तिथे ठिणगी पडते आणि ती रेडिओत ऐकू येते. (गवत कापणे हा या धंद्यातला सर्वात स्वस्त उपाय!) सलग गुणगुण असेल तर एकेक एलईडी बल्ब आणि चार्जर बंद करून पाहावा. शिवाय संच गोल फिरवावा: आतल्या फेराइट दांडीचे टोक ज्या दिशेला, तिकडचे कमीत कमी ऐकू येते. टोक खरखरीकडे करावे.

राहिला वेळेचा प्रश्न. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, म्हणून जिल्ह्याच्या बातमीसाठी खेड्यातला श्रोता आकाशवाणीकडेच वळतो. पण कार्यक्रमांच्या वेळा बदलल्या की ते त्याला कळणार कुठून? पूर्वी वर्तमानपत्रात ‘आजचे कार्यक्रम’ येत. सगळे नको. जिल्हा पानावर बाजारभावाखाली एक ओळ पुरे: केंद्र, आकडा, शेतीच्या कार्यक्रमाची आणि प्रादेशिक बातम्यांची वेळ. तुरीवर फवारणी करायची की थांबायचे, हे संध्याकाळी ठरवणारा माणूस ती ओळ कापून संचाच्या पाठीवर चिकटवील.

आपले,
रेडिओ दुरुस्त करणारे दोन वाचक
ता. दर्यापूर, जि. अमरावती