शेजारी देश आणि भाषेचा एकच रकाना

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या विद्यार्थी पुरवणीत शेजारी देशांचा तक्ता आला होता, राजधानी, चलन, भाषा वगैरे. भाषेच्या रकान्यात पाकिस्तान उर्दू, नेपाळ नेपाळी, बांगलादेश बंगाली, श्रीलंका सिंहली, संपला विषय. स्पर्धा परीक्षेची पोरं हेच पाठ करून बसतात म्हणून लिहितोय, राग नसावा. वर नुसतं 'राजभाषा' छापलं असतं तरी थोडं भागलं असतं, श्रीलंकेपुढे मात्र तमिळ लिहावंच लागलं असतं, कारण १९५६ ला तिथे फक्त सिंहलीचा कायदा केला, त्यातून पुढे काय काय झालं ते सगळ्यांना माहितीये, आणि शेवटी १९८७ च्या घटनादुरुस्तीत तमिळलाही राजभाषा म्हणावं लागलं. दुरुस्ती छापा एवढीच विनंती.

पाकिस्तानचं तर विचारूच नका. २०२३ च्या जनगणनेत उर्दू मातृभाषा सांगणारे दहा टक्केसुद्धा नाहीत, पंजाबीवाले ३७ टक्क्यांच्या आसपास, मग पश्तो, सिंधी, सराईकी. उर्दू शाळेत, टीव्हीवर, सरकारी कागदावर, घरात वेगळंच. बलुचिस्तान म्हटलं की आपले चॅनलवाले बलुची म्हणून मोकळे होतात, पण तिथेच कलात-खुजदारकडे ब्राहुई बोलतात आणि ती चक्क द्राविडी भाषा आहे, आजूबाजूला बलुची, पश्तो, सिंधी आणि मधेच ही कन्नड-तेलुगूची नातेवाईक! त्यांचे एक, दोन, तीन बघा, असिट, इराट, मुसिट. आमच्याकडे अक्कलकोटला कन्नड कानावर पडतच असते, त्यामुळे कन्नडमधलं एरडु-मूरु (दोन-तीन) माहिती असलेल्याला इराट-मुसिट ऐकून ओळख पटायला वेळ लागत नाही. पण गंमत अशी की चारपासून पुढचे आकडे ब्राहुईने शेजाऱ्यांकडून उचललेत, द्राविडी राहिले ते पहिले तीनच. हे लोक मुळापासून तिथलेच की दक्षिणेकडून नंतर गेले यावर अभ्यासकांचं अजून जमलेलं नाही. आणि पार उत्तरेला हुंझामधली बुरुशास्की, तिचं तर जगात कुणाशीच नातं सापडलेलं नाही. हे सगळं एका 'उर्दू'त कसं बसवणार?

बांगलादेशचा इतिहास २१ फेब्रुवारी १९५२ च्या ढाक्यातल्या गोळीबाराचा, तेव्हा तो पूर्व पाकिस्तान होता, बंगालीला राजभाषा करा म्हणत पोरं मेली, म्हणून तो दिवस जगभर मातृभाषा दिन झाला. पण त्याच देशात चितगावच्या डोंगरात चाकमा, मारमा लोक आहेत, चाकमांची स्वतःची लिपी आहे, आणि या लेकरांना बालवर्गाची सरकारी पुस्तकं स्वतःच्या भाषेत मिळायला २०१७ उजाडावं लागलं. ज्यांनी स्वतः सोसलं त्यांनाही हे लगेच सुचलं नाही, कमाल आहे.

नेपाळमध्ये २०२१ च्या जनगणनेत १२४ भाषा नोंदल्या गेल्या. नेपाळी मातृभाषा असणारे निम्म्याहून कमीच, दुसरा नंबर मैथिलीचा, म्हणजे आपल्या दरभंगा-मधुबनीत बोलतात तीच, सीमेपलीकडे जनकपूरला. तिथला एक किस्सा हिंदी सक्तीवर हमरीतुमरीवर येणाऱ्या आपल्या दोन्ही बाजूंनी वाचावा. २००८ मध्ये परमानंद झा यांनी उपराष्ट्रपतिपदाची शपथ हिंदीतून घेतली, स्वतः मैथिली भाषिक असून. काठमांडूत दंगा झाला, पुतळे जाळले. सुप्रीम कोर्टाने ती शपथ अवैध ठरवली, नेपाळीतून परत घ्या म्हणाले तर हे अडून बसले, आणि पदच गोठलं. शेवटी अंतरिम घटनेत बदल करून मातृभाषेतून शपथेची सोय केली, तेव्हा फेब्रुवारी २०१० मध्ये झांनी परत शपथ घेतली, नेपाळीतून आणि मैथिलीतून. हिंदी त्या शपथेत नव्हतीच.

आपला,
एक वाचक, अक्कलकोट (जि. सोलापूर)