तक्रार: तेलातच फुगणारं पॅकिंग

इंदूर, १८ एप्रिल २०२५

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: ३५० सीसी बुलेटच्या फुल पॅकिंग किटमधलं (इंजिनच्या सांध्यांतून तेल गळू नये म्हणून बसवायच्या पट्ट्यांच्या संचातलं) सदोष रबर, आणि त्याबद्दल मिळालेलं उत्तर

महोदय,

पाकिटावर पत्ता महाराष्ट्रातला आहे, म्हणून मराठीतच लिहितो. फोनवर हिंदीत दोनदा बोलून झालं. दुसऱ्यांदा तुमचा माणूस हसत म्हणाला, "सर, पुरानी बुलेट है, तेल तो छोड़ेगी ही." पैशांचं पुढे लिहिलंय, पण पत्र लिहायला बसवलं ते या वाक्याने.

गाडी १९८८ ची, वडिलांनी नवी घेतलेली. बिडाचा सिलिंडर, उजव्या पायाचा गिअर. ती कधी गळलीच नाही असा माझा दावा नाही. राजेंद्र नगरातल्या आमच्या पार्किंगमध्ये तिच्याखाली कायम पुठ्ठा असतो. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येऊ लागलं, तेव्हापासून फरशीवर डाग दिसला की सोसायटीचे सेक्रेटरी थेट वर येतात. पण पुठ्ठ्यावर थेंब पडणं वेगळं आणि बूट भिजणं वेगळं.

१२ मार्चला तुमचं किट घेतलं, ७८० रुपयांना. आमच्या उस्तादांनी, म्हणजे मेकॅनिकनी, दोन दिवसांत बसवलं, मजुरी १,४००. पहिल्याच रविवारी महूला जाऊन आलो तर उजवा बूट तेलाने माखलेला आणि सायलेन्सरवर थेंब पडून जळका वास.

तरी पहिला संशय तुमच्यावर घेतला नाही. आधी ब्रीदर, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी, काढला. पिस्टन खाली येताना क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीतली, हवा दाबली जाते आणि ब्रीदरच्या रबरी चोचीतून बाहेर पडते. ती चोच चिकटली की दाब वाढतो आणि जिथे सांधा कच्चा असेल तिथून तेल बाहेर येतं. अशा वेळी कितीही नवं पॅकिंग घाला, उपयोग नाही. चोच फुंकून पाहिली: एका बाजूने हवा जाते, उलटी येत नाही. म्हणजे ब्रीदर ठीक. तेलाची पातळीही खुणेच्या वर नव्हती.

मग रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन अख्खं इंजिन धुतलं, वाळवलं आणि त्यावर टाल्कम पावडर मारली. बायको म्हणाली, "गाडीचं बारसं आहे का?" राऊपर्यंत जाऊन परत आलो. गळती शोधताना लोक जिथे तेल जास्त दिसतं तिथेच हात घालतात, पण चालत्या गाडीवर वारा तेल मागे नेतो आणि उतार ते खाली आणतो. म्हणून सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा पाहायची. पावडर दोन जागी भिजली होती, डावीकडे चेनकेसच्या (इंजिनच्या चेनवरच्या झाकणाच्या) खाली आणि उजवीकडे टॅपेट कव्हरच्या (सिलिंडरच्या बाजूच्या छोट्या झाकणाच्या) खालच्या कडेला.

चेनकेसचा दोष माझा. ते झाकण मधल्या एकाच नटवर बसतं. घाईत मी तो जरुरीपेक्षा जास्त आवळला आणि कड वाकली. ते मी निस्तरलं, त्याचा एक पैसाही तुमच्याकडे मागत नाही.

टॅपेट कव्हर मात्र उघडलं आणि बघतच राहिलो. आतलं रबरी पॅकिंग रात्रभर भिजवलेल्या साबुदाण्यासारखं टपोरं झालेलं, एका बाजूने कडेबाहेर लोंबत होतं. बोटाने दाबलं तर खाच राहत होती. कव्हर काचेवर ठेवून पाहिलं, अगदी सपाट. सिलिकॉनही उस्तादांनी लावलं नव्हतं. ते म्हणतात, जादा सिलिकॉन आत सुटतं आणि तेलाची वाट बंद करतं.

किटात हे पॅकिंग दोन नग होतं. उरलेलं एक आणि दुकानातून आणलेली नायट्राइलची, म्हणजे तेल सोसणाऱ्या रबराची, साधी ओ-रिंग (गोल कडी), दोन्ही एकाच वाटीत २०-डब्ल्यू-५० इंजिन तेलात गॅलरीत ठेवली. चार दिवसांनी व्हर्नियरने मोजलं. तुमचं पॅकिंग २ मिलिमीटरचं अडीच झालं होतं. ओ-रिंग होती तशीच. इंजिनात तर तेल गरम असतं. ज्या रबराला खनिज तेल चालत नाही ते इंजिनच्या पॅकिंगला कसं वापरलं, याचं उत्तर मला हवं आहे.

शेवटी उस्तादांनी नायट्राइलच्या शीटमधून पॅकिंग कापून बसवलं. त्यानंतर जाम घाट उतरून मंडलेश्वरला जाऊन आलो. टॅपेट कव्हरखालची पावडर पांढरीच. गाडी तीच, सदतीस वर्षांची.

आणखी एक. पाकिटावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं नाही. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार ते लागतं. त्यामुळे हा माल कोणत्या खेपेतला हे मला सांगता येत नाही, ते तुम्हालाच शोधावं लागेल.

मागणी अशी: किटचे ७८० आणि मजुरीचे १,४०० रुपये परत करा, या खेपेचा माल दुकानांतून उचला, आणि रबर कोणतं आहे ते पाकिटावर छापा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही, तेव्हा मला घाई नाही.

सोबत बिलाची प्रत, रिकामं पाकीट, वाटीतल्या मोजमापाचे फोटो आणि फुगलेलं पॅकिंग प्लास्टिकच्या पिशवीत पाठवतो आहे. पिशवी जपून उघडा, तेल अजून सुटतंय.

आपला,
एक ग्राहक, राजेंद्र नगर, इंदूर