त्या रात्रीचे दोन

शरणपूर, नाशिक
रविवार, रात्री

प्रिय बाळ्यास,
सलाम.

सकाळी तुझा फोन कट केला, रागावू नकोस. चर्चमध्ये आमच्या आफ्रिकेतल्या मलावीच्या दौऱ्याचा अहवाल वाचत होतो. ३६२ चष्मे वाटले, दोन गावं झाली, फोटो दाखवले, टाळ्या झाल्या, चहा-बिस्किटं झाली. त्यात जे नव्हतं ते तुला लिहितोय. माइकवरून सांगायची छाती झाली नाही.

फजितीला सुरुवात मुंबईतच झाली. आम्ही सात जण नि जवळच्या नंबरचे ४०० चष्मे. दुकानात मी स्वतः पॅक केलेला खोका काउंटरवर २६ किलो भरला, आणि परवानगी २३ची. मग काय, विमानतळाच्या त्या चकचकीत फरशीवर फतकल मारून खोका फोडला आणि एकचे, दीडचे, दोनचे गठ्ठे ज्याच्या त्याच्या बॅगेत कोंबू लागलो. मावशींची बॅग उघडली तर आत शेंगदाण्याची चटणी, मेथीचे लाडू नि चिवड्याचा डबा. "मावशी, लग्नाला निघालोय का?" म्हटलं, तर म्हणाल्या, "तिकडे उपाशी पडलास की माझ्याकडेच येशील." (आलो. दोनदा.)

विमान पहाटे चारचं. जुलैतला पाऊस तुला सांगायला नको. साडेनऊला उडालं, त्यातले शेवटचे दोन तास आत पट्टा बांधून. इथिओपियातल्या आदिस अबाबाला उतरलो तेव्हा तिथले साडेबारा वाजले होते आणि पुढचं लिलाँग्वेचं, म्हणजे मलावीच्या राजधानीचं, विमान केव्हाच गेलेलं. आता उद्या सकाळी. हॉटेल मिळेल, पण सामान मिळणार नाही, ते परस्पर पुढे जाईल. म्हणजे स्वेटरही गेले. आफ्रिका म्हणजे ऊन, हे आपल्या डोक्यात कुणी भरवलंय कोण जाणे! आदिस तेवीसशे मीटर उंचीवर आहे आणि जुलैत तिथेही पावसाळा. महाबळेश्वरला टी-शर्टवर गेल्यासारखं झालं.

वार बुधवार. तिकडचे बरेच ख्रिस्ती बुधवारी नि शुक्रवारी उपास करतात, म्हणजे मांस, दूध, अंडी काही नाही. रात्री ताट आलं: टेबलाएवढी आंबूस, जाळीदार आंबोळी, तिला इंजेरा म्हणतात, आणि मधोमध शिरो. बाळ्या, शिरो म्हणजे पिठलं! हरभऱ्याच्या पिठाचं, लाल तिखट घातलेलं, अगदी रटरटणारं. पाळकसाहेबांनी डोळे मिटून पहिला घास घेतला नि म्हणाले, "फक्त भाकरी नाही." सगळे हसले. मीही. इथवर सगळं अहवालात होतं.

झोपायच्या आधी काउंटरवर विचारलं, गाडी किती वाजता? मुलीने चिठ्ठीवर लिहून दिलं: २. मी सगळ्यांना दीडला उठवलं. मावशींचे गुडघे, लिफ्ट बंद, चार मजले उतरलो. खाली चिटपाखरू नाही. सव्वादोन झाले. अंगणात व्हॅन उभी होती, आत ड्रायव्हर पांढरी शाल गुंडाळून झोपलेला. मी काच बडवली.

त्याला मी काय काय बोललो ते लिहीत नाही. इंग्रजी संपलं तेव्हा मराठीत बोललो, एवढ्यावरून समज. सगळ्यांनी सारखे टी-शर्ट घातले होते आणि माझ्या छातीवर वचन छापलेलं होतं, प्रीतीवरचं. कुठलं ते तुला ठाऊकच आहे.

तो "इशी, इशी" म्हणत उतरला. म्हणजे बरं, बरं. चिठ्ठी घेतली, हात लांब केला, मान मागे नेली, मग व्हॅनच्या दिव्याखाली धरली. "टू, यस. मॉर्निंग टू." आणि मनगट माझ्यापुढे केलं. त्याच्या घड्याळात सव्वाआठ झाले होते.

तिकडे दिवस उगवला की घड्याळ सुरू होतं. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. आठ म्हणजे दोन. मध्यरात्रीनंतरचे आपले दोन म्हणजे त्यांच्या रात्रीचे आठ. विमानतळावर सगळं आपल्यासारखंच चालतं, म्हणून कळलं नव्हतं. माणूस बरोबर होता, सहा तास आधी मीच आलो होतो.

त्याने काही म्हटलं नाही. आत जाऊन मावशींसाठी खुर्ची आणली आणि शाल काढून त्यांच्या पायांवर टाकली.

आणि मी, तीस वर्षं चष्मे विकणारा, मला तेव्हा दिसलं की याला जवळचं दिसत नाही. पन्नाशीचा असेल. सरळ दोनचा नंबर. चारशे चष्मे आणले होते आणि त्या घटकेला एकही हाताशी नव्हता, सगळे विमानतळावर कुलपात. माझा स्वतःचा त्याला चालला नसता. माफी मागितली, पण ती तशीच, सकाळी गडबडीत.

पुढचं थोडक्यात. लिलाँग्वेला आम्ही पोचलो, खोके नाही, ते दोन दिवसांनी आले. हरवलेल्या सामानाच्या फॉर्मवर आतल्या वस्तूंची यादी मागतात. ती भरताना एकदम जेकब वेनराईट आठवला. आपल्या शरणपूरला शिकलेला, गुलामांच्या जहाजावरून सोडवलेला पोरगा. आफ्रिकेत हिंडणाऱ्या लिव्हिंग्स्टन मिशनऱ्याच्या तांड्यात हा होता. १८७३मध्ये लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा त्याच्या सामानाची यादी यानेच केली होती आणि झाडावर नावही यानेच कोरलं. मग सगळ्यांनी मिळून ते प्रेत शेकडो मैल चालत किनाऱ्यापर्यंत नेलं. आणि मी खोक्यांसाठी काउंटरवर हात आपटत होतो. पाळकसाहेबांना सांगितलं तर म्हणाले, "हे अहवालात घाल." घातलं. ते सोपं होतं.

येताना सगळं सुरळीत झालं. पिवळ्या तापाचं कार्ड फक्त माझंच सापडेना, निघालं चिवड्याच्या डब्यात.

आता काम सांगतो. दोनचा चष्मा, काळी फ्रेम, डबीसकट बाजूला काढून ठेवलाय. ड्रायव्हरचं नाव विचारायचं राहिलं, पण हॉटेलचा पत्ता पावतीवर आहे. तुझा भाचा पोस्टात आहे ना? इथिओपियाला पार्सल जातं का, कस्टमचा कागद कुठला लागतो आणि "रात्रपाळीचा व्हॅन ड्रायव्हर" एवढंच लिहिलं तर पोचेल का, तेवढं त्याला विचारून कळव.

वहिनींना सलाम.

तुझा,
दिन्या