गरोदर बायकांना घाबरवू नका, पाण्याचे आकडे द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की नळाच्या पाण्याला क्लोरीनचा उग्र वास यायला लागतो आणि आमच्या घोडबंदर रोडकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज सुरू होतात. यंदाचा मेसेज असा की क्लोरीनच्या पाण्याने पोटातल्या बाळाला अपाय होतो. माझी सून चौथ्या महिन्यात आहे, तिने तो वाचून नळाचं पाणी बंदच केलं आणि वीस लिटरचे जार मागवायला लागली, ज्यांच्यावर ना आयएसआय मार्क ना तारीख.

मेसेज सगळाच खोटा नाही. धरणा-नदीच्या पाण्यात कुजलेला पालापाचोळा, शेवाळ असतं, त्यातल्या सेंद्रिय घटकांशी क्लोरीनचा संयोग झाला की ट्रायहॅलोमिथेन आणि हॅलोअ‍ॅसिटिक अ‍ॅसिड तयार होतात, क्लोरोफॉर्म हे ट्रायहॅलोमिथेनपैकीच एक. हे १९७४ पासून माहीत आहे. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात असं आढळलं की ज्या गरोदर बायका रोज पाच किंवा जास्त ग्लास नळाचं थंड पाणी प्यायच्या आणि त्या पाण्यात ट्रायहॅलोमिथेन लिटरला ७५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त होतं, त्यांच्यात गर्भपात १५.७ टक्के, बाकीच्यांत ९.५ टक्के. पण नंतरच्या अभ्यासांत हे तितकं ठामपणे दिसलं नाही. प्रयोगशाळेत उंदरांच्या गर्भाची मज्जानलिका (जिच्यापासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनतात ती नळी) हॅलोअ‍ॅसिटिक अ‍ॅसिडमुळे नीट बंद होत नाही हेही दिसलंय, फक्त तिथले डोस नळाच्या पाण्यातल्यापेक्षा कितीतरी मोठे होते.

मला खरी खटकते ती वेगळीच गोष्ट. माणसात ही मज्जानलिका गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते, तेव्हा तर बऱ्याच जणींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं! मग "गरोदर आहेस, काळजी घे" याला अर्थ काय राहतो? काळजी पाणी शुद्ध करणाऱ्यांनीच वर्षभर घ्यायला हवी.

आणि क्लोरीनच नको असं तर कुणी म्हणूच नये. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून होणारी ई प्रकारची कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायकासुद्धा दगावू शकतात, त्यापुढे ट्रायहॅलोमिथेनचा धोका खूपच लहान. उपाय क्लोरीन बंद करण्यात नाही, तुरटी आणि फिल्टरने गाळ, सेंद्रिय घाण आधी जास्तीत जास्त काढायची आणि मग लागेल तेवढाच क्लोरीन टाकायचा, यात आहे.

सोसायट्यांनीही जरा बघावं. आमच्याकडे पंपवाला खालच्या टाकीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर मुठीने टाकतो, मोजमाप काही नाही, तळाला गाळाचा थर तसाच. आधीच क्लोरीन असलेल्या पाण्यात हा आणखी, शिवाय पाणी टाकीत तासनतास पडून आणि कोमटही असतं, म्हणजे ही द्रव्यं वाढायला सगळी सोय आपणच करतो. टाकी धुवा, ओटी टेस्ट (पाण्यात किती क्लोरीन शिल्लक आहे ते रंगावरून दाखवणारी चाचणी) करून बघा, क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असेल तर वरून पावडर टाकायची गरजच नाही. घरी कार्बन फिल्टर असेल तर त्याचं काडतूस वेळेवर बदला. उघड्या भांड्यात पाणी उकळलं की क्लोरोफॉर्म बराचसा उडून जातो, हॅलोअ‍ॅसिटिक अ‍ॅसिड मात्र जात नाही.

महापालिकेला एकच विनंती. पाण्याचे किती नमुने पिण्यायोग्य आणि किती अयोग्य एवढंच नको, ट्रायहॅलोमिथेनचे आकडेही प्रभागवार, निदान जून ते ऑक्टोबर दर महिन्याला वेबसाइटवर टाका. आपल्या भारतीय मानकात (आयएस १०५००) क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे, अमेरिकेत क्लोरोफॉर्मसकट चारही प्रकारचे ट्रायहॅलोमिथेन मिळून ०.०८ मिलिग्रॅम, तेव्हा आपला आकडा कुठे बसतो ते लोकांना बघू द्या. आणि नमुने फक्त शुद्धीकरण केंद्राच्या दारात घेऊ नका, पाणी पाइपात जितका वेळ राहतं तितकी ही द्रव्यं वाढत जातात, म्हणून लाइनच्या शेवटच्या टोकाच्या घरांमधले नमुने आधी घ्या.

– एक वाचक, मानपाडा, ठाणे (प.)